महालातल्या वाड्यात बुटकी कॅमेरा ट्रॉली: भाड्याची, विकतची की लोहा ओळीतली?

फ्रेमवेडा

नमस्कार मंडळी,

नागपूरच्या महाल भागात ओळखीतून एक जुना वाडा शूटिंगला मिळाला आहे. वीसेक मिनिटांची फिल्म, पात्रं दोनच, आजी आणि नात. आजी जवळजवळ सगळा वेळ जमिनीवर: पाटावर, जात्यापाशी, देवघरापुढे. नात पालथी पडून अभ्यास करते. त्यामुळे लेन्स कायम फूट-दीड फुटावर आणि तिथूनच ती सरकायला हवी. ओसरीतून माजघरात शिरणारा एक लांब शॉट आहे, तो काढला तर फिल्मच उरत नाही.

आता अडचणी. आतल्या दाराची चौकट आतून मोजली तर २६ इंच. उंबरठा चार बोटं उंच. ओसरीला शहाबादी फरशी, दगडागणिक वरखाली. माजघर अजून शेणानं सारवलेलं. वाहन म्हणजे माझी वॅगनार, आणि त्यातच लाइटही जायचेत. मिररलेस कॅमेरा, सगळा संसार धरून आठेक किलो.

रुळावरून कॅमेरा सरकवायची ट्रॉली मुंबईहून मागवावी, इथंच बनवून घ्यावी की स्लायडरवर (कॅमेरा सरकवायची छोटी पट्टी) भागवावं? शूटिंग मे महिन्यात आहे. हो, माहीत आहे. आजीचं काम करणाऱ्या बाईंच्या तारखा तेव्हाच्याच आहेत.

तर्रीपोहे

मे महिन्यात नागपुरात शूटिंग. आजीबाईंना माझा दंडवत सांगा.

गिंबल घ्या ना राजे हो. ट्रॉली कोण लावून राहिलं आता?

कॅमेरावाली

तर्रीपोहे, हातात धरायचा गिंबल पॅन, टिल्ट आणि रोल, म्हणजे कॅमेऱ्याचं डावं-उजवं, वर-खाली आणि तिरकं वळणं सावरतो. चालणाऱ्याच्या पावलागणिक कॅमेरा जो वरखाली होतो, ते तीन अक्षांच्या गिंबलच्या हातात नसतं. उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, वाइड लेन्सवर ते खपून जातं. इथं लेन्स जमिनीपासून फुटावर आहे, पुढं जात्याचा खुंटा किंवा पाटाची कड आहे. जवळची वस्तू फ्रेममध्ये असली की सेंटीमीटरभराचा हेलकावाही दिसतो. शिवाय गिंबल फुटावर धरून कमरेतून वाकून दहा फूट चाला आणि मग सांगा.

धागाकर्त्या, स्लायडरचं उत्तर आधी देते. मीटरभराचा स्लायडर आजीच्या हाताच्या क्लोजअपला उत्तम. ओसरी ते माजघर त्याच्यानं होणार नाही.

जुनाजाणता

दाराचं दुखणं जुनं आहे. अमेरिकेत 'डोअरवे डॉली' हा प्रकारच त्यासाठी निघाला: प्लायवूडची फळी, हवेची चाकं, पुढं स्टिअरिंगचा दांडा, आणि रुंदी अशी की घराच्या दारातून निघावी. इटलीच्या एलेमॅक कंपनीच्या ट्रॉलीचे पाय आत-बाहेर करता यायचे, तेही याचसाठी. आणि मुळात सरकत्या कॅमेऱ्याचा 'कारेल्लो' ज्यानं १९१२ साली पेटंट केला तो जोव्हान्नी पास्त्रोने इटलीचाच.

अवांतर झालं. मुद्दा असा की मुंबईहून जी मोठी ट्रॉली येईल ती तुमच्या उपयोगाची नाही. चॅपमन, फिशर या जातीच्या ट्रॉल्या दीडशे किलोच्या वर जातात, चार माणसं उचलायला लागतात. त्या सारवलेल्या जमिनीवर ठेवल्यात तर वाडामालक तुम्हाला पुन्हा दारात उभं करणार नाही.

फ्रेमवेडा

ती कल्पना नाहीच. डेना डॉलीसारखं काहीतरी डोक्यात आहे. फळी, खाली स्केटिंगची चाकं आणि दोन पाइप.

लोहाओळी

भाऊ, मग कायले मुंबईले जाता? माह्या वर्कशॉपात हे काम होते. पोट्टे लग्नाच्या व्हिडिओसाठी बनवून नेतात. फळी कोणीबी बनवते, खरी गोष्ट पाइपची हाये. लोक फळीवर पैसा घालतात, सीएनसी मशीनवर कापतात, काळा रंग मारतात, अन पाइप आणतात भंगारातला. मग म्हणतात ट्रॉली हलते. ट्रॉली नाही हलत, पाइप वाकडा असते.

इतवारीत लोहा ओळीत (लोखंडाच्या बाजारात) जा. दीड इंची एमएस, म्हणजे साध्या लोखंडाचा, पाइप घ्या, बाहेरून ३८ मिलीमीटर, भिंत २ मिलीमीटरची. पाइप ६ मीटरचा येते. दुकानातच डोळ्याजवळ धरून नळीतून पाहा, पलीकडचं भोक गोल दिसलं पाहिजे. लांबट दिसलं तर दुसरा काढा म्हणा. दुकानदार कुरकुर करन, करू द्या. कापायच्या आधी निवडा, कापल्यावर कोणी वापस घेत नाही.

अजून एक. ईआरडब्ल्यू, म्हणजे पत्रा वळवून जोडलेल्या, पाइपले एक शिवण असते लांबीभर. हात फिरवला की समजते. ती शिवण खाली ठेवा. चाक वरच्या दोन खांद्यांवर चालते, शिवणीवर गेलं की थरथर येते.

हिंगणा_मेकॅनिकल

लोहाओळींना पूर्ण अनुमोदन, त्यात थोडं गणित घालतो.

दोन टोकांना टेकू आणि मधे भार असेल तर पाइपची झोळ अंतराच्या घनानं वाढते. अंतर दुप्पट, झोळ आठपट. तुमचा कॅमेरा आठ किलो, फळी, हेड (कॅमेरा ज्यावर बसून वळतो ते) आणि चाकं मिळून सात धरू, म्हणजे एका पाइपवर साडेसात किलो. ३८ बाय २ च्या एमएस पाइपला २ मीटरच्या अंतरात ही झोळ अंदाजे पावणेदोन मिलीमीटर येते. ३ मीटरला साडेपाचच्या पुढं. त्याच मापाचा अॅल्युमिनियमचा पाइप लोखंडाच्या साधारण तिप्पट वाकतो, म्हणजे ३ मीटरला दीड सेंटीमीटरच्या वर. पाइपचं स्वतःचं वजन यात धरलेलं नाही.

म्हणून 'वजनाला हलका' म्हणून अॅल्युमिनियम घेणाऱ्यांनी मधला टेकू सोडू नये. लोखंडाचा हा पाइप मीटरला पावणेदोन किलोच्या आसपास भरतो. वॅगनारला एवढं जड नाही.

जमिनीवर टेकवलेल्या रुळाला झोळीचा प्रश्न फारसा नसतो. तो येतो दोन स्टँडांवर पाइप टांगून शॉट घेताना, आणि तुमच्या उंबरठ्यावर.

फ्रेमवेडा

उंबरठ्याचंच विचारणार होतो. रूळ त्यावरून कसा न्यायचा?

हिंगणा_मेकॅनिकल

उंबरठ्याला चढ-उतार करून चाक न्यायचा विचारही करू नका. सगळा रूळ उंबरठ्याच्या वर एका पातळीत उचलायचा. ओसरीत आणि माजघरात खाली लाकडी ठोकळे, उंबरठ्यावरून पाइप मोकळा गेला पाहिजे, टेकता कामा नये. जुन्या वाड्याची भिंत जाड असते, तरी दोन्हीकडच्या ठोकळ्यांमधलं अंतर मीटरभरच राहील. तेवढ्यात झोळ पाव मिलीमीटरही नाही.

रुंदीचं: बाजारातला रूळ बहुतेक ६२ सेंटीमीटरचा असतो, पाइपच्या मध्यापासून मध्यापर्यंत. २६ इंच म्हणजे ६६. पाइप कसाबसा निघेल, पण बाहेर आलेल्या आडव्या पट्ट्या आणि चाकांचे ब्रॅकेट चौकटीला घासतील. तुम्ही ४२-४५ सेंटीमीटरवर या. उंच ट्रॉली इतक्या अरुंद रुळावर धोक्याची. तुमचा कॅमेराच खाली आहे, त्यामुळे चालेल.

कॅमेरावाली

थांबा, उंचीचा हिशेब राहिला. फ्रेमवेड्याला फूट-दीड फूट हवंय.

उंबरठ्यासाठी रूळ ७-८ सेंटीमीटर उचलला. पाइप ४. चाकं आणि फळी मिळून आणखी ८-१०. त्यावर सगळ्यात बुटकी हाय हॅट (हेड बसवायची बैठक) लावली तरी फ्लुइड हेड धरून लेन्सच्या मध्यापर्यंत ३० सहज. बेरीज पन्नासच्या वर. पावणेदोन फूट झाले आणि आजीच्या डोळ्यांच्या रेषेजवळ येऊन बसलात. 'लो अँगल' गेला.

यावर तोडगा म्हणजे फळी सपाट करायचीच नाही. मधे खाच ठेवून खाली उतरलेलं ताट करायचं, म्हणजे हेड दोन रुळांच्या मधे, चाकांच्याही खाली बसतं. दहाएक सेंटीमीटर तिथेच वाचतात. दुसरा प्रकार, फळीच्या बाजूला आर्म काढून कॅमेरा उलटा टांगायचा आणि कॅमेऱ्यातच चित्र पलटायचं. हल्ली बऱ्याच कॅमेऱ्यांत ती सोय असते. पण भार एका बाजूला जातो, तेव्हा विरुद्ध बाजूला वाळूची पिशवी बांधल्याशिवाय कॅमेरा सोडू नका.

मी ताटाच्या बाजूची. उलट्या कॅमेऱ्यावर फोकस ओढणाऱ्याचं डोकं फिरतं.

लोहाओळी

ताट बनते. ५ मिलीमीटरच्या पत्र्याचं करू, चार बोल्टांवर, म्हणजे काढलं की सपाट फळी वापरता येईन. हेडचं बाऊल, म्हणजे खालची गोल वाटी, ७५ मिलीमीटरचं हाये का १०० चं तेवढं सांगा.

तर्रीपोहे

मला एक सांगा, कॅमेरा रुळावरून पुढं जाणार, लेन्स फुटावर, मग समोरचा रूळ फ्रेममध्ये नाही येणार?

कॅमेरावाली

शाब्बास! इतका वेळ कोणी विचारलं नव्हतं. येणार. आणि नेमका याच शॉटमध्ये येणार.

आडव्या ट्रॅकिंगला हा प्रश्न नाही, रूळ फ्रेमच्या खाली राहतो. पुढं शिरताना मात्र आपण ज्यावर चालणार तेच समोर असतं. फुल फ्रेम कॅमेरा, ३५ मिलीमीटरची लेन्स, रुळाच्या माथ्यापासून लेन्स ३० सेंटीमीटर वर आणि कॅमेरा सरळ धरलेला. मीटरभर पुढचा रूळ फ्रेमच्या खालच्या कडेत शिरतो. ५० ला दीड मीटरनंतर. तुमचा रूळ ३ मीटरचा धरू.

आता ५० लावून कॅमेरा फक्त सहा अंश वर करा. फ्रेमची खालची कड थेट तीन मीटरच्या पलीकडे जाते. आणि चार मीटरवर बसलेली आजी? जमिनीपासून जेमतेम चार बोटांपासून पुढचं सगळं फ्रेममध्ये येतं, चेहरा मध्याच्या आसपास. म्हणजे रूळ गेला, आजी राहिली. पुढं सरकत जाल तसा टिल्ट थोडा बदलावा लागेल, तो हातानं.

कागदावर ही रेघ ओढून बघा, एक त्रिकोण आहे फक्त. वाड्यात जाऊन लाइट लावल्यावर हे कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं. ३५ चाच हट्ट असेल तर रूळ दीड मीटरचा करा, मूव्ह आखूड करा. मला विचाराल तर आखूडच करा. नवीन ट्रॉली आली की सगळ्यांना पूर्ण रूळ वापरायचा असतो.

ध्वनीप्रेमी

तुम्ही सगळे चित्राचं बोलताय. सिंक साउंड (शूटिंगच्याच वेळी घेतलेला आवाज) आहे की डबिंग?

फ्रेमवेडा

सिंक. आजींचा आवाजच घ्यायचा आहे, त्यासाठीच त्या.

ध्वनीप्रेमी

मग ऐका. लोखंडी पोकळ पाइपवर चाक फिरलं की तो गुणगुणतो, आणि माजघरासारख्या बंद खोलीत ते माइकला छान ऐकू येतं. पाइपमध्ये कोरडी बारीक वाळू ठासून दोन्ही टोकं बंद केली की ही घणघण बरीच मरते. ३ मीटरमागं चारेक किलो वजन वाढेल. घ्या वाढवून.

जोडावरचा 'टक्' हा दुसरा शत्रू. दोन्ही पाइपांचे जोड समोरासमोर ठेवू नका, मागंपुढं ठेवा. म्हणजे दोन्हीकडची चाकं एकदम उडत नाहीत आणि धक्का निम्मा होतो. जोडाच्या आत घट्ट बसणारा गाभा हवा, आणि कापलेल्या कडा कानशीनं मारून वर पॉलिश पेपर. नखानं तपासा. नख अडकलं तर चाकही अडकणार.

चाकं कुई करायला लागली तर टाल्कम पावडर. तेल नको, तेलावर धूळ बसते आणि संध्याकाळपर्यंत चाकांवर काळी खीर होते.

लोहाओळी

जोड दोन तुकड्यांचाच करा. ६ मीटरचे दोन तुकडे केले की ३-३ मीटर. पण वॅगनारमध्ये ३ मीटर जाते का? डॅशबोर्डपासून डिकीबाहेर येईन. २ मीटरचे तीन केले तर गाडीत बसते पण जोड वाढतो.

फ्रेमवेडा

२ मीटर पुढची सीट पाडून बसतो, पाहिलं आहे. ३ मीटर कॅरिअरवर बांधून नेईन. जोड नकोच मला.

हिंगणा_मेकॅनिकल

चाकांबद्दल कोणी बोललं नाही अजून. स्केटबोर्डची पॉलियुरेथेन चाकं, आत ६०८ नंबरचं बेअरिंग (८ मिलीमीटर भोक, बाहेरून २२). ६०८ कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. चाकाचा कडकपणा ए स्केलवर छापलेला असतो. ७८ए नरम, धक्का खातं पण ओझ्याखाली बसतं. ९५ए च्या पुढं कडक, हलकं फिरतं पण रुळावरची प्रत्येक पुळी कॅमेऱ्याला सांगतं. तुमच्या वजनाला ८५ च्या आसपासचं शोधा.

मे महिन्याचं म्हणून सांगतो: कॅमेऱ्यासकट ट्रॉली उन्हातल्या रुळावर तासभर उभी ठेवली की पॉलियुरेथेनचं चाक टेकलेल्या जागी चपटं होतं. मग पुढच्या शॉटला दर फेरीला एक उसळी. जेवायला जाताना ट्रॉली रुळावरून उचलून उलटी ठेवा.

आणि चाकांची रचना. प्रत्येक कोपऱ्यात चाकांची जोडी उलट्या व्ही मध्ये, पाइपला दोन्ही खांद्यांवर धरून. सगळेच जण चारही कोपरे असे करतात आणि मग दोन पाइपांतलं अंतर कुठे दोन मिलीमीटर इकडेतिकडे झालं की ट्रॉली अडकते. एकाच बाजूला व्ही ठेवा. दुसऱ्या बाजूला सपाट चाक, जे पाइपच्या माथ्यावर नुसतं टेकेल आणि आडवं सरकू शकेल. एक पाइप दिशा देतो, दुसरा भार घेतो. रूळ थोडा वाकडा पडला तरी चालून जातं.

शिवाय एका बाजूच्या चाकांचा फळीशी असलेला जोड डुलता ठेवा, नाहीतर चार कोपऱ्यांपैकी एक कायम हवेत.

लोहाओळी

हे एका बाजूच्या सपाट चाकाचं मी आजपर्यंत नाही केलं. पण पटते. करून पाहू.

जुनाजाणता

रूळ लावण्याचं राहिलं. वाड्याची ओसरी पाणी वाहून जावं म्हणून अंगणाकडे उतरती केलेली असते. डोळ्यांना कळत नाही, ट्रॉलीला कळतं. हात सोडला की निघाली.

सगळ्यात उंच जागा शोधायची, तिथे रूळ टेकवायचा, बाकीचा रूळ तिच्या पातळीला उचलायचा. सुरुवात खोलगट जागेपासून केली की शेवटी खणावं लागतं, आणि दुसऱ्याच्या वाड्यात खणता येत नाही. ३ मीटरला छोटी स्पिरिट लेव्हल फसवते. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी आणा, दोन टोकं दोन ठिकाणी धरा. नंतर आडवी पातळी लेव्हलनं. खाली ठोकळे आणि लाकडी पाचरा, भरपूर पाचरा, सुताराकडून पोतंभर आणा. आजींच्या शॉटच्या मधे पाचर शोधत फिरायची पाळी येऊ नये.

सारवलेल्या जमिनीवर ठोकळ्याखाली गोणपाट आणि त्यावर प्लायचा तुकडा. नाहीतर ठोकळा रुतत जातो, आणि तिसऱ्या टेकपर्यंत पातळी गेलेली असते.

ढकलायला कोण आहे?

फ्रेमवेडा

आमच्यातलाच एक मुलगा. जिमला जातो.

जुनाजाणता

जिमवाला नको. ताकद लागतच नाही, इतकं हलकं चालतं हे. लागतो तो सुरुवात आणि शेवट सांभाळणारा हात. निघताना कळू नये आणि थांबताना गचका नको. संवादाची लय कळणारं कोणीतरी बघा. तबला वाजवणारा असेल तर उत्तम, मी थट्टा करत नाही. फळीला पट्टा बांधून ओढायला द्या, दांड्यानं ढकलण्यापेक्षा हात हलका राहतो. थांबायच्या जागी रुळावर चिकटपट्टीची खूण, आणि त्याच्याही पुढं दोन्ही पाइपांवर क्लॅम्प. खूण हुकली तरी कॅमेरा रुळाबाहेर जाता कामा नये.

तर्रीपोहे

भाड्याचं काय ठरलं मग? एका ठिकाणाहून (नाव घेत नाही) आम्ही रूळ मागवला होता. आला तोच एका टोकाला वाकलेला, आणि परत करताना आमच्याच डिपॉझिटमधून कापले. उघडून, फोटो काढून मगच सही करा एवढं सांगतो.

कॅमेरावाली

भाडं एक-दोन दिवसांच्या जाहिरातीला परवडतं. इथं माप वेगळं, दार वेगळं, उंची वेगळी. ४५ सेंटीमीटरचा रूळ आणि खोल ताट तुम्हाला कोणी भाड्यानं देणार नाही. बनवा. भाड्यानं आणायचंच असेल तर चांगलं फ्लुइड हेड आणा, आणि वायरलेस फोकस. अरुंद रुळावर फोकसवाला ट्रॉलीसोबत बसू शकत नाही, आणि दारातून त्याच्यासकट कॅमेरा निघणारही नाही. कॅमेरा ऑपरेटरलाही फळीवर बसवू नका. तो बाजूनं गुडघ्यांवर सरकेल. त्याला नी पॅड घेऊन द्या, शहाबादी फरशी आहे.

फ्रेमवेडा

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: रूळ ४४ सेंटीमीटरचा, ३ मीटरचे दोन अखंड पाइप, वाळू भरून. खाली उतरलेलं ताट. एका बाजूला व्ही, एका बाजूला सपाट. लांब शॉट ५० वर, टिल्ट सहा अंश. त्रिकोण काढून पाहिला, जमतंय. लोहाओळी, बाऊल ७५ चं आहे, शनिवारी हेड घेऊन येतो.

लोहाओळी

शनिवारी दुपारी नका येऊ, वेल्डिंग बंद असते, पत्र्याखाली कोणी उभं राहत नाही. सकाळी आठच्या आत या. अन हेडसोबत कॅमेराबी आणा, खरं वजन ताटावर ठेवूनच भोकं पाडू.

हिंगणा_मेकॅनिकल

भोकं पाडताना ताटात पुढंमागं सरकायला लांबट खाच ठेवा, गोल भोक नको. लेन्स बदलली की तोल बदलतो.

आणि रूळ वाड्यात सकाळी लावला तर एका टोकाचा क्लॅम्प सैल ठेवा. अंगणातल्या उन्हात ३ मीटरचा लोखंडी पाइप दुपारपर्यंत मिलीमीटरभर वाढतो. दोन्ही टोकं आवळलेली असली की तो वाढ वर फुगून काढतो, आणि तुम्ही चाकांना दोष देत बसता.

ध्वनीप्रेमी

कूलरचं काय करणार आहात? सिंक साउंड म्हणालात.

फ्रेमवेडा

टेकच्या वेळी बंद.

तर्रीपोहे

आजीबाईंना परत एकदा दंडवत.